दाढेतला कापूस

मशीनवर आकडा आला १४६. साहेबांनी तो आधी देवसिंगला दाखवला आणि मग बसच्या खिडक्यांमधून माना बाहेर काढून बसलेल्या एकोणतीस लेकरांना दिसेल असा उंच धरला. ते करायची काही एक गरज नव्हती. माझं डोकं तिथेच तापलं, आणि माझं डोकं तापलं की शाळेतले शिपाईसुद्धा वाट बदलतात.

मी पुसदच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नाव विमल, पण गावात आणि शाळेत बरेचजण विमलताई म्हणतात. सासर बोरी फाट्याजवळचं, त्यामुळे गेली एकोणीस वर्षं मी शाळेच्या बसनेच जाते आणि त्यातली सगळी वर्षं ती बस देवसिंग आडेच चालवतो. रात्री बस त्याच्या तांड्यावर, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्तीवर, उभी असते. सकाळी तांड्यावरची लेकरं घेऊन तो सात मिनिटांत फाट्यावर येतो आणि "या मॅडम" म्हणून दार उघडतो. एकोणीस वर्षांत "या मॅडम" चुकलं नव्हतं. जानेवारीतल्या त्या बुधवारी मात्र त्याने नुसती मान हलवली. गळ्यातला मफलर गालावरून घट्ट बांधलेला होता. थंडी होती, म्हणून मी काही विचारलं नाही.

बस निघाली आणि दोनशे पावलांवर बॅरिकेड. रस्ता सुरक्षेची मोहीम होती. वाहतूक शाखेच्या साहेबांनी आमच्या पुढचे दोन टेम्पो थांबवले होते, चालकांना एकेक करून नळीत फुंकायला लावत होते. देवसिंग खाली उतरला तेव्हा त्याला कसली काळजी असायची? दारू सोडून त्यालाही एकोणीसच वर्षं झाली होती. मी मांडीवर नववीच्या वह्या घेऊन लाल पेन उघडलं. एका पोराने पाण्याचं सूत्र एचओटू लिहिलं होतं. तेवढ्यात मैनाबाई, आमच्या बसची मदतनीस, माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "मॅडम, देवसिंगभाऊले पकडलं."

मी उतरले. देवसिंगजवळ गेले आणि मला वास आला. खोटं कशाला सांगू, मोहाच्या दारूचा स्वच्छ वास आला. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या मनात आलं, 'शेवटी तांड्यावरचाच.' एकोणीस वर्षं ज्याच्या भरवशावर डोळे मिटून झोपा काढल्या, त्याच्याबद्दल एवढंच सुचलं. त्याची लाज मला अजून वाटते.

साहेब माणूस वाईट नव्हते. शांतपणे म्हणाले, "शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, त्याच्यावर गेलं की कलम एकशे पंच्याऐंशी. तुझं आलं एकशे सेहेचाळीस. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. लायसन तर जाईलच. आणि वर लेकरांची गाडी. काय घेतलं होतं सकाळी?"

"काही नाही, साहेब."

"औषध? खोकल्याचं? काही असलं तर सांग, मी लिहून घेतो."

"काही नाही."

त्या 'काही नाही'नेच त्याचा घात केला. समोर आकडा आहे, तोंडाला वास आहे आणि माणूस म्हणतो काही नाही. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "दुसऱ्यांदा फुंक. नंतर कोणी म्हणायला नको."

नळी बदलेपर्यंत देवसिंग आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी बाजूला होते म्हणून मला दिसलं. त्याने मफलरखाली बोट घातलं, तोंडातून काहीतरी काढलं, रुमालात गुंडाळलं आणि रुमाल खिशात टाकला. पांढरं, बोराएवढं काहीतरी होतं. मग त्याने फुंकलं. आकडा ८३.

साहेब म्हणाले, "घ्या. दोनदा आलं."

आणि माझ्यातली बाई जागी झाली. बाई म्हणजे वर्गातली. "साहेब, पाच मिनिटांत एकशे सेहेचाळीसचे त्र्याऐंशी कसे होतील? पोटात गेलेली दारू तासाला पंधरा-वीसने उतरते, मिनिटाला नाही. हे तोंडातलं आहे. त्यांना पाण्याने चूळ भरू द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग फुंकायला लावा. शून्य येईल."

"मॅडम, पंधरा मिनिटं सगळेच मागतात. मागे रांग बघा." साहेब देवसिंगकडे वळले. "तोंडात काय होतं ते तू सांग. तू सांगितलंस तर मी थांबतो."

हे त्यांनी सरळ मनाने विचारलं होतं. देवसिंगने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, मग तांड्याकडच्या रस्त्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल.

"माह्यं रगत घ्या, साहेब," तो म्हणाला. "आत्ताच घ्या. पण मले इचारू नका."

आता देवसिंग कसा माणूस आहे ते सांगते, म्हणजे हे मागणं किती त्याच्यासारखं होतं ते कळेल. तरुणपणी तो पांढरकवड्याच्या बाजूला ट्रकवर होता. हैदराबादच्या रस्त्याने कापसाच्या गाठी न्यायचा आणि ट्रकवरचे सगळे पितात तेवढी प्यायचा. मग तांड्यावर येऊन बसवर लागला. त्याच वर्षी त्याची बायको सुखीबाई आणि तांड्यातल्या बायकांनी नाल्यातल्या दारूच्या भट्ट्या फोडल्या. पुरुषांनी मारहाण केली, तरी त्यांनी पुन्हा फोडल्या. देवसिंगने पहिल्या दिवशी आपल्या घरातली दारू आपल्या हाताने उकिरड्यावर ओतली आणि सगळ्या तांड्यासमोर म्हणाला, बायको भट्टी फोडते आणि नवरा पितो, असं माझ्या घरी होणार नाही. तेव्हापासून नाही म्हणजे नाही. हळदीत नाही, होळीला नाही. हॉर्नसुद्धा तो वाजवत नाही, म्हणतो लेकरं दचकतात. कोणत्या पोरीला उलटी होते, कोणाला खिडकी लागते, कोण डबा न खाता परत नेतो, हे त्याला आमच्या वर्गशिक्षकांपेक्षा जास्त ठाऊक. अबोल इतका की त्याच्या पोटातलं काढायचं म्हणजे सुपारी फोडण्यापेक्षा कठीण.

अशा माणसाला पोलिसांच्या गाडीत बसवलं आणि एकोणतीस लेकरांनी ते पाहिलं.

शाळेने दुसरा चालक पाठवला, लेकरं मैनाबाईच्या हवाली केली आणि मी हट्टाने त्या गाडीत बसले. आणखी दोघेजण पकडलेले होते, गाडी निघता निघत नव्हती. मला तेवढं माहीत होतं की रक्ताची तपासणी ताब्यात घेतल्यापासून दोन तासांत व्हायला हवी. फाट्यावर आकडा आला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आठ वाजले तरी आम्ही तिथेच. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ साहेबांच्या नाकासमोर नाचवत होते. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" मी म्हटलं, "नाही, मी परीक्षा घेणारी आहे. वेळ संपला की पेपर काढून घेते." ते हसले आणि गाडी सोडली.

दवाखान्यात आठ वाजून बावन्न मिनिटांनी रक्त काढलं. डॉक्टरांनी लिहिलं, तोंडाला वास नाही, चाल स्थिर, बोलणं स्पष्ट, उजवी खालची दाढ किडलेली, गालावर सूज. मी तो कागद दोनदा वाचला. दाढेपाशी माझी नजर अडकली.

"अहवाल कधी येईल?"

"प्रयोगशाळेतून यायला महिने लागतात, मॅडम. त्यांच्याकडे ढीग असतो."

महिने. आणि संस्थेचे अध्यक्ष भगवानराव यांनी दुपारीच निरोप दिला, शनिवारी शाळा सुटल्यावर पालकांची सभा, विषय एकच. देवसिंगला ठेवायचं की काढायचं. काढायचंच होतं. दारूच्या नशेत लेकरांची गाडी चालवली म्हणून काढलेला माणूस पुन्हा जिल्ह्यात कोणाची बैलगाडीसुद्धा हाकू शकला नसता.

संध्याकाळी त्याला जामिनावर सोडलं तेव्हा परतीच्या वाटेवर मी पुन्हा विषय काढला. "रुमालात काय आहे, देवसिंगभाऊ?"

त्याने खिशावर हात ठेवला. "मॅडम, मी पेलो नाही. एवढं खरं माना. त्याच्यापुढचं माह्या तोंडून निंगणार नाही."

"अहो, नोकरी जाईल. कोर्टात उभं राहाल."

"जाऊ द्या."

मला इतका राग आला की मी फाट्यावर उतरताना त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तांड्यावर गेले. घरं साठेक असतील, मध्ये सेवालाल महाराजांचं पांढरं मंदिर, त्याच्यापुढे अंगण आणि पांढरा झेंडा. देवसिंग दाताच्या डॉक्टरकडे गेला होता, हे मला हवंच होतं. सुखीबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पन्नाशीची, उंच, आवाज असा की नाल्यापलीकडून ऐकू यावा. त्या दिवशी मात्र ती हळू बोलली.

मी आडपडदा ठेवला नाही. "सुखीबाई, त्याने दाढेत कापूस धरला होता. मी पाहिलं. कापूस मोहाच्या दारूत भिजवलेला होता. बरोबर ना?"

ती शेंगा सोलत राहिली. हातातली शेंग फोडत म्हणाली, "रातभर कन्हत होते. लवंग लावली, मीठ लावलं, काही फरक नाही. सकाळी लेकरं बसमध्ये चढून राह्यली आन् ह्याईच्या डोळ्याले पाणी. मी शिशी काढली. बोंडातला कापूस भिजवला आन् माह्याच हातानं दाढेत बसवला. म्हटलं, चूळ भरून थुका आन् कापूस राहू द्या, फाट्यापावतर ठणका उतरते. नाही म्हणे ते. मीच बळजबरी केली."

"शिशी तुमच्या घरात?"

"सासूची हाये. लालीबाईची. बैलाचं पोट फुगलं का पाजाले. बियाण्याच्या डब्यामागं ठेवली होती. भट्ट्या फोडल्या तवा तेवढी एक ठेवली, मॅडम. बैल मेला असता त मंग काय करतो?" तिने वर पाहिलं. "आमचा नियम हाये. ज्याच्या घरात थेंब सापडला त्याचं नाव देवळासमोर पुकाराचं, त्या घरच्यानं महिनाभर देवळाचं अंगण झाडाचं. हा नियम मीच केला. किती बायांचे नाव म्या पुकारले माहीत हाये तुमाले? रडत झाडलं त्याईनं."

"मग एकदा तुमचं नाव. काय बिघडतं? त्याची भाकर जाऊन राहिली आहे."

"बिघडते," ती म्हणाली. "नाल्यातल्या भट्टीवाल्याईले हेच पायजे. सुखीच्याच घरात शिशी, मंग आमाले कोन अडवते, असं म्हणतीन. चार दिसांत धूर निंगन. त्यानं पोरी मार खातीन. म्हणून ते चूप हायेत. मले शपथ घातली त्याईनं, तुमालेही घालतो, बोलू नका."

मी एरवी बोलण्यात कोणाला हार जात नाही. तिथे गेले. एका पारड्यात नवऱ्याची अब्रू आणि दुसऱ्यात साठ घरांच्या बायकांची पाठ, आणि दोन्ही खरं. मी शब्द देऊन उठले. चिडले मात्र होते, कोणावर ते मलाच कळत नव्हतं.

शनिवारी सभा विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ठेवली, कारण खुर्च्या तिथेच जास्त होत्या. टेबलावर नवं कोरं फुंकायचं मशीन. पालकांनी दंगा केला म्हणून भगवानरावांनी तीन दिवसांत मागवलं होतं. सोमवारपासून रोज सकाळी प्रत्येक चालकाला फुंकायला लावायचं काम माझ्याकडे दिलं होतं. देवसिंग बाहेर पायऱ्यांवर बसला होता, गाल अजून सुजलेला. दाढ काढून झाली होती.

भगवानराव संथपणे बोलणारे गृहस्थ. ठराव आधीच टाइप करून आणला होता. पालक आपापसात कुजबुजत होते. मागून एक आवाज आला, "तांड्यावरचा माणूस, सुटली म्हणतात, पण सुटते काय?" मी त्या दिशेला पाहिलं. बुधवारी हेच वाक्य माझ्या मनात आलं होतं. आता दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना कानाला आग लागली.

मी उभी राहिले. तोंडात राहिलेली दारू आणि रक्तातली दारू यातला फरक सांगितला. मशीन श्वास मोजतं, पण श्वास तोंडातूनच बाहेर येतो. तोंडात ताजं काही असलं तर आकडा फुगतो आणि वीस मिनिटांत ओसरतो, म्हणून तेवढं थांबायचं असतं. पाच मिनिटांत त्रेसष्टने खाली येणं पोटातल्या दारूला जमत नाही. डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. फळ्यावर आलेखसुद्धा काढला. पालकांना आलेख दाखवून कोणाचं मत बदललंय असं माझ्या नोकरीत एकदाही झालेलं नाही, तरी काढला.

भगवानराव शांतपणे म्हणाले, "विमलताई, विज्ञान पटलं. पण त्याने तोंडात काय घातलं होतं? आणि नुसतं घातलं असेल तर सांगत का नाही? तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत होतं. जिभेवर होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी, वर्गात खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं करणारी, खाली फळ्याच्या डस्टरकडे बघत राहिले.

"माहीत आहे," मी म्हटलं. "सांगता येत नाही."

हसले काहीजण. भगवानरावांनी पेनचं टोपण काढलं.

तेव्हाच दारात सुखीबाई दिसली. तिच्यामागे तांड्याचे नायक पूनमसिंग, डोक्याला पागोटं, चेहरा कोरा. तिने त्यांनाच का आणलं ते मला लगेच कळलं. सांगायचंच असेल तर चोरून नको, तांड्याच्या तोंडावर सांगायचं. देवसिंग पायऱ्यांवरून तिच्यामागे धावत आला होता.

"सुखी, कायले आली? शपथ घातली होती ना तुले?"

"घातली होती," ती म्हणाली. "तुमची शपथ म्या मोडली. आता माह्या नियमाचंही होऊन जाऊ द्या."

तिने लुगड्याच्या ओच्यातून शिशी काढली आणि टेबलावर मशीनच्या शेजारी ठेवली. औषधाची जुनी शिशी, तळाशी चार बोटं पाण्यासारखं काहीतरी. बूच उघडलं तसा प्रयोगशाळेभर तोच वास पसरला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नाकाला पदर लावला.

"हे माह्या घरात होतं," सुखीबाई म्हणाली. "नायक, आयका. तुमीही आयका. याच्यात कापूस भिजवून म्याच ह्याईच्या दाढेत घातला. त्याईनं गिळलं नाही. माह्यं नाव जाऊ नये म्हणून हा माणूस चार दिस चोर होऊन बसला." मग माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमी म्हणता का वीस मिनटात उतरते. माह्यावर करून दाखवा. म्या जन्मात पेली नाही, हे नायकाले माहीत हाये."

प्रयोग कसा करायचा ते मला येतं. आधी तिला तसंच फुंकायला लावलं. ००. भगवानरावांना दाखवलं. मग तिने शिशी तोंडाला लावली. जिने एकोणीस वर्षं या वासावर दात-ओठ खाल्ले, तिने तो घोट डोळे मिटून तोंडात धरला. मी मनात साठपर्यंत मोजलं. देवसिंग भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिने प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये थुंकलं आणि फुंकलं.

१६२.

पूनमसिंग पुढे झुकून आकडा पाहत होते. भगवानरावांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

पाच मिनिटं झाली. ५८. मागचा कुजबुजणारा आवाज उभा राहून बघायला आला. पण साहेबांचं वाक्य मला आठवत होतं, दोनदा आलं की झालं. अजून तिशीच्या वरच होतं, कायद्याने ती अजून गुन्हेगारच होती. दहा मिनिटांनी १४. आता सगळे टेबलाभोवती होते. मला एकच भीती, की मशीन नवं आहे, कोणी तपासलेलं नाही, आणि शेवटी कुठेतरी पाच-सात दाखवत अडकून राहिलं तर? मग ठराव होता आणि पेनही उघडं होतं. सुखीबाई मात्र स्टुलावर हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती एकसारखी देवसिंगच्या पाठीकडे पाहत होती.

वीस मिनिटं झाली. तिने नळी तोंडात धरली. मशीनने शिट्टी वाजवली आणि आकडा आला. ००.

भगवानरावांनी पेनला टोपण लावलं. ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. "लायसन सुटेपर्यंत गाडी देता येणार नाही," ते म्हणाले, "पण माणूस आपलाच राहील." देवसिंग अजून भिंतीकडे होता. सुखीबाई उठून त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "चाला घरी. दाढेची जागा दुखत असन."

पुढचं थोडक्यात सांगते. चार महिने देवसिंगने शाळेच्या अंगणात गाड्या धुतल्या. मे महिन्यात प्रयोगशाळेचा अहवाल आला, रक्तात अल्कोहोल आढळलं नाही. कोर्टात वकिलाने तेच मांडलं, की एकशे सेहेचाळीस खरंच रक्तात असतं तर पावणेदोन तासांत शून्य होणं शक्य नव्हतं. मलाही साक्षीला बोलावलं. तो निर्दोष सुटला. त्या साहेबांनी बाहेर आल्यावर मला नमस्कार केला आणि म्हणाले, आता आम्ही चूळ भरायला लावतो आणि वीस मिनिटं थांबतो. जूनमध्ये देवसिंगने पुन्हा "या मॅडम" म्हणून दार उघडलं. मी म्हटलं, "आधी फुंका." तो हसला. उजवीकडे दाढेची जागा रिकामी दिसली.

पण मला सांगायची आहे ती सभेनंतरच्या सोमवारची सकाळ. आदल्या संध्याकाळी पूनमसिंगांनी देवळासमोर सुखीबाईचं नाव पुकारलं होतं आणि तिने तांड्यातल्या बायकांच्या नशाबंदी समितीतून स्वतःहून नाव काढलं होतं. मला राहवलं नाही. फाट्यावर न थांबता मी पहाटेच चालत तांड्यावर गेले. मनात धास्ती होती, की नाल्याकडे धूर दिसेल.

नाल्याकडे धूर नव्हता. मंदिरासमोर धुरळा होता.

सुखीबाई वाकून झाडत होती. आणि तिच्या बाजूने, मागे, झेंड्याच्या ओट्याभोवती, आणखी बायका झाडत होत्या. मी मोजल्या, अकरा होत्या. ज्यांचं नाव तिने कधी पुकारलं होतं त्या दोघीतिघी त्यात होत्या. पायरीवर नायकाची बायको रुपीबाई होती, तिच्या हातातही खराटा. पूनमसिंग कोपऱ्यात उभे होते. त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं.

मी रुपीबाईला विचारलं, "तुम्ही कशाला? नाव तर हिचं पुकारलं."

रुपीबाईने पदर खोचला. "मॅडम, बैल का हिच्याच घरी हाये? शिशी आमच्याही डब्यामागं होती. काल राती सगळ्याईनं नेऊन उकिरड्यावर ओतल्या."

सुखीबाईने पाठ सरळ केली, सगळ्यांकडे पाहिलं आणि तिला रडू आलं. ते लपवायला ती मोठ्या आवाजात, नाल्यापलीकडे ऐकू जाईल अशी खेकसली, "अंगण एवढुसं, आन् झाडाले बाया किती! व्हा तिकडं, माह्या वाट्याचं तं झाडू द्या."

कोणी हललं नाही. देवसिंग घराच्या दारात उभा होता, मफलर सोडून, उघड्या तोंडाने. तो मला "या मॅडम" म्हणायलाही विसरला.